जगदेवीचा खो

१४ नोव्हेंबर ९५, लातूर
आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक वकार सर आज थेट स्टाफरूममध्ये. "मॅडम, तुमचं मानसशास्त्र कधी कामाला येतं का न्हाई?" टोमणा बरोबर बसला. सगळं लातूर मेडिकलच्या क्लासला पळतंय, माझ्या वर्गात सात टाळकी!

काम असं — जगदेवी. भूकंपाआधी खो-खोच्या राज्य संघात होती. गाव किल्लारीजवळचं. घरातली ती एकटी वाचली. आता पुन्हा खेळते, पण ऐन पाठलागात गोठते. वीस जानेवारीला नांदेडला निवड चाचणी. तिला सांभाळणाऱ्या वीरण्णा मामांचं स्पष्ट म्हणणं — निवड नाही तर मैदान बंद, डी.एड.

१७ नोव्हेंबर
पोरगी बोलतच नाही. श्वासाचा सराव दिला. डोळे मिटून सामना बघायला सांगितला. "दिसला?" "हाव." संपलं!

मी ठरवून टाकलं — मागून पाठीवर थाप बसली की दचकत असणार. भूकंपातली ना! पोरींना सांगितलं, हिला खो हळू द्या.

२९ नोव्हेंबर
हळू खो म्हणजे फाउल! वकार सरांची शिट्टी थांबेना. जगदेवी भडकली. "मी काय फुटकं मडकं हाय का?" सपशेल तोंडावर पडले. बरं झालं.

४ डिसेंबर
आज पुस्तकं घरी ठेवून नुसती मैदानाच्या कडेला बसले. खो मिळाला की काय उठते ती! बघत राहावं. अडतं ते खो देताना. हात पुढच्या पोरीच्या पाठीपर्यंत जातो आणि बोटभर अलीकडे थांबतो. तोंडातून "खो" निघत नाही. पळणारी निसटते.

तीन आठवडे मी उलट्या बाजूनेच बघत होते!

कारण विचारलं. "मंग सांगते. तवर मला रोज शंभर पाठी द्या, मॅडम."

१२ डिसेंबर
पाठी कमी पडल्या, म्हणून माझे सातही विद्यार्थी रांगेत बसवले. मीही बसले — पंचेचाळिसाव्या वर्षी उकिडवी! आधी कितीदा तरी हात आला आणि परत गेला. मग बसली थाप. मी खरंच उठून पळाले! वकार सर हसून बेजार. मला मात्र हसू येईना. इतक्या कळवळ्याने मला कुणी कधी उठवलं नव्हतं.

३ जानेवारी ९६
आज शंभरातल्या शंभर!

२० जानेवारी, नांदेड
निवड झाली!! चार गडी टिपले. तिचा "खो" पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. वीरण्णा मामा उपरण्यात तोंड घालून रडले. मी थक्क. कुठून आणते ही पोरगी एवढं बळ? माझ्या पुस्तकांत तरी नाही.

२१ जानेवारी
परतीच्या एसटीत, लोहा मागे पडल्यावर, आपणहून बोलली. "त्या पहाटं धाकटी माझ्या शेजारीच झोपली होती. घर हाललं तशी मी उठले आन् एकटीच पळाले. तिला हात लावला असता तर—"

मग माझ्याकडे वळून — "तुमी म्हनलात ना, डोळे मिटून बघ? मी दर पाठीत तिलाच बघते, मॅडम. उठवते. आन् ती पळते."