मैनेची सकाळची गोळी

६ मार्च, शुक्रवार
शिमगा झाला, ऊन तापलं, तरी मैनेचे केस झडेनात. घोडी माघातल्यासारखी लोकरीच. दुपारपर्यंत चार बादल्या पाणी प्याली. उजवा पुढचा पाय टेकवत नाही. जनावरांचे डॉ. म्हणाले होते, मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती बेताल झाली की हे सगळं होतं. रोज एक गोळी तिला तालावर ठेवील. महिना होत आला. कुठाय ताल?
हिची आई मला वस्तीवरच्या शाळेत न्यायची. तिची दुडकी म्हणजे अस्सल भुजंगप्रयात. मुलांना शिकवायची कविता वाटेतच चालीवर बसे. मैनाही तशीच चाले. आता पावलागणिक यतिभंग.
गोळी माझा लेक प्रकाश देतो. मी सकाळी फिरायला गेलो की. मी घरात असताना का नाही?

८ मार्च, रविवार
पडवीत बसलो होतो. चुलीपाशी प्र. सूनबाईला सांगत होता, “पायावर उभी न्हाई ऱ्हायली तर पाडव्यानंतर दिऊन टाकू. अण्णांला मी सांगंन.”
म्हणजे गोळी लागू पडली तर मैना राहणार, नाहीतर जाणार. आणि गोळी त्याच्याच हातात.

९ मार्च, सोमवार
पाकीट मोजलं. दिवसाला एक, बरोबर. समाधान नाही. वहीवर पालकाची सही असली म्हणजे पालकाने वही वाचली, असं माझ्या उभ्या नोकरीत कधी झालं नाही.
डॉ.ना फोन केला. गोळी अंगात किती टिकते? म्हणाले, आतड्यातून रक्तात जाते, यकृतात मोडते, उरलंसुरलं लिदीमुतातून बाहेर. “पण गुरुजी, सगळी घोडी सारखी नसतात. एकीची सकाळची गोळी संध्याकाळीच संपते, दुसरीला दुसऱ्या दिवशीही पुरते.”
छान. म्हणजे खापर घोडीच्या यकृतावर फोडायची सोय झाली. डॉ. आणि प्र. आधी बोललेत का?

११ मार्च, बुधवार
सापडली. गव्हाणीखाली, भुशात. ओली, अर्धी विरघळलेली, भाकरीचा कण चिकटलेला. रुमालात बांधून ठेवली.
जेवताना सहज विचारलं, मैनेनं घेतली का आज?
“घेतली की.”
नजर ताटात.

१२ मार्च, गुरुवार
सॅम्युएल सरांकडे राहात्याला गेलो. शाळेतले जुने सोबती, त्यांच्यापाशी झाकून ठेवत नाही. त्यांची लेक नगरला असते, डॉ.ची औषधाची चिठ्ठी तिच्याकडे पाठवली. आणखी एक पाकीट, प्र.ला न कळू देता. सरांनी रुमाल पाहिला आणि हसले. “अहो गुरुजी, आमच्या बायबलात बाप परत आलेल्या पोराला गळ्याशी धरतो. तुम्ही मुद्देमाल बांधून फिरताय.” हसावं त्यांनी. त्यांच्या दारात घोडी नाही.

१४ मार्च, शनिवार
नगरहून पाकीट आलं. चालू केलं. दुपारी प्र. ऊस घेऊन कारखान्यावर गेला की माझी गोळी. बारीक चुरून ज्वारीच्या पिठाच्या उंड्यात. गूळ नाही, उसाचे वाढे नाहीत, गोड म्हणून काही द्यायचं नाही अशी डॉ.ची ताकीद आहे. उंडा खाऊन झाल्यावर तळवा चाटला. बऱ्याच वर्षांनी तिच्या कानाशी एक श्लोक म्हटला, चालीवर. कान हलवले तिने.

१८ मार्च, बुधवार
पाणी दोनच बादल्या. पाय टेकवला. खरारा केला तर केसांचा पुंजका हाती आला. आणखी काय पुरावा हवा? माझी गोळी पोटात जाते, त्याची जात नाही.
उद्या पाडवा. त्याच्या तोंडून काही निघायच्या आत मैना चालून दाखवील.

२१ मार्च, शनिवार
मैना खात नाही. कालपासून. कडबा हुंगते, तोंड फिरवते. मान खाली.
डॉ. आले. रक्त घेतलं, बर्फात ठेवलं. विचारलं, “दिवसाला एकच ना?”
“एकच,” प्र. म्हणाला.
मी खुंट्याला धरून उभा. 
डॉ. म्हणाले, एका गोळीने भूक अशी जायला नको. हिच्या अंगात गोळी मोडत नसेल, साठत असेल. तूर्त बंद. रिपोर्टही तेच म्हणाला तर औषध कायमचं थांबवावं लागेल.
औषध थांबलं तर पाय गेला. पाय गेला की मैना गेली. आणि मी गप्प.

२२ मार्च, रविवार
सूनबाईला विचारलं, गव्हाणीखाली कधी गोळ्या दिसल्या का? म्हणाली, “दिसत्यात की. लई चलाख हाय ती. भाकरी खाती, गोळी गालात ठिवती, अन् ह्यांची पाठ वळली का टाकून देती.”
किती दिवस?
“आता काय सांगावं. कधी टाकती, कधी न्हाई.”
खरं असेल. नवऱ्याला पाठीशी घालत असेल. खरं असेल तर तिच्या पोटात कधी शून्य, कधी एक, आणि माझी सुरू झाल्यावर कधी दोन. त्या रक्ताने कुणाला काय सांगायचं?

२३ मार्च, सोमवार
प्र.समोर रुमाल सोडला. सगळं सांगितलं. त्याने गोळी बोटाने उलटी केली.
“अण्णा, मला इचारायचं तरी.”
मग म्हणाला, “डाक्टरला तुमीच सांगा. त्याच्यापुढं मी खोटा पडलोय.”
फोन केला.  डॉ. म्हणाले, रिपोर्ट येऊ दे, पण त्यावर विसंबता येणार नाही. आणखी तीन दिवस जाऊ द्या, नीट खायला लागली तर गुरुवारपासून एकच गोळी, दोघांच्या देखत.
प्र.ला विचारलं, मैनेचं काय ठरवलंस? बादली उचलून तो मैनेकडे गेला.

२६ मार्च, गुरुवार
काल आणि आज अख्खी पेंढी संपवली. रिपोर्ट नाही अजून.
माझं पाकीट प्र.ने परवाच मागून घेतलं. कपाटात ठेवलं. किल्ली करगोट्याला.
सकाळी फिरायला गेलो नाही. त्याने एक गोळी माझ्या तळव्यावर ठेवली. “तुमी द्या. मी बगतो.”
चुरली, उंड्यात घातली, दिली. तिच्या गालात बोट फिरवलं. काही नव्हतं. वळून त्याला म्हणालो, गिळली.
तो घोडीकडे पाहतच नव्हता. माझ्या डाव्या हाताकडे पाहत होता. मूठ मिटलेली होती, काठी धरायच्या सवयीने. उघडून दाखवली. दुसरी गोळी नव्हती.
तरी पाहतच राहिला.