चार तुकड्यांची काठी

घनसावंगी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,
आबाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालचा तुझा फोन आईच्या शेजारी बसून पूर्ण ऐकला. तू दोनदा विचारलंस, आबा आहेत का म्हणून, आणि मी दोन्ही वेळा पाटावर टिचक्या मारल्या. ऑपरेशनात घशातलं स्वरयंत्र काढल्यापासून माझं बोलणं एवढंच राहिलंय. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत ओरडून ओरडून पाढे शिकवले, आता वर्गातल्या सगळ्यात गप्प पोरासारखा बसून राह्यलोय. मोबाइलवर बोट बराबर पडत न्हाई म्हणून हे हातानं लिहून, फोटो काढून पाठवतो. माझं अक्षर लागलं न्हाई तर सांग, सुवाच्य लिहून दहा गुण मिळवीन.

खबर अशी की पासपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष झालं, तपासण्या साफ आहेत, कुठंही जा, फक्त मानेवरच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. मी जुलैत तुझ्याकडे नॉर्वेला येतो. आई येणार न्हाई. विमानाचं नाव काढलं की ती उठून आत जाते.

येताना मासे धरायची काठी आणणार आहे. आपला बांबू विमानात घेणार न्हाईत, हे मलाही कळतं. तेव्हा तूच सांग, बॅगेत किती लांबीची वस्तू मावते, तिकडं किनाऱ्यावरून किती लांब फेकावं लागतं, मासे केवढे, आणि खालचा तळ कसा आहे, वाळू की दगड. आपला धम्मा तुझ्याकडं आला तेव्हा उभा होता त्याच जागी मला एकदा उभं राहायचंय. तो गेला तेव्हा मी दवाखान्यात नळ्या लावून पडलो होतो. मला ती जागा ठाऊक न्हाई. बापाला ठाऊक असायला पाहिजे.

आईची तब्येत ठीक. तुझ्या लॅबमधल्या माशांचीही ठीक असावी.
तुझा,
आबा


बोडो, नॉर्वे,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

अक्षर लागलं. दहापैकी नऊ, एक शाईच्या डागाचा कापला.

तुम्ही येणार म्हणून मी परवा अख्खं घर पुसून काढलं, जुलैला पाच महिने आहेत तरी. या. खरंच या. इथं जुलैत सूर्य मावळत नाही. तुम्हाला पुस्तक वाचायला दिवा लागणार नाही. डोंगर दाखवीन, लॅब दाखवीन, आमच्या माशांना इंजेक्शन कसं देतात ते बघून तुम्ही नक्की हसाल.

पण काठी कशाला, आबा? मी त्या किनाऱ्यावर दीड वर्षात गेलेले नाही. कामावर जाताना तो रस्ता लागतो, तर मी डोंगराकडून वळसा घालून जाते. वीस मिनिटं जास्त लागतात. ज्या पाण्यानं धम्माला नेलं त्यात तुम्ही मासे धरणार, हे मला बघवेल असं वाटत नाही.

तुम्ही ऐकणार नाही हेही माहीत आहे, म्हणून सांगते. मोठ्या बॅगेत आतून सत्तावीस इंच जागा असते. एकात एक सरकणारी काठी घेऊ नका. ती लहान होते, पण तिच्या कड्या फिरतात आणि सांधे लवकर सैल होतात. तुकड्यांची घ्या. आठ फुटी, चार तुकड्यांची स्पिनिंग रॉड मिळते, प्रत्येक तुकडा दोन फुटांचा. दहा ते चाळीस ग्रॅम वजन फेकेल अशी. मासे दोन-तीन किलोचे, कधी जास्त. गळ सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत सापडले तर विमानतळावर वही-पेन काढून खुलासे लिहीत बसाल.

आईला म्हणावं, रविवारी फोन करते.
तुमची,
तृप्ती


घनसावंगी,
दि. ३० मार्च २०२५

चि. तृप्तीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काठी घेतली. रखमाजीला सोबत घेऊन संभाजीनगरला गेल्तो. तुला आठवत असेल, माझ्या शाळेतला शिपाई, नदीवर माझ्या आधी जाऊन बसायचा तो. आता तोच माझा आवाज आहे, पण माझ्या एका चिठ्ठीचं तो पाच वाक्यांत भाषण करतो. दुकानात एक बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा सरकणारीच दाखवली, खिशात मावते म्हणाल्या. मी शेंडा फरशीला टेकवून हळू वाकवला, तर सांध्यापाशी कोपर मोडल्यासारखी वाकली. ठेवून दिली. दुसरी तीन तुकड्यांची होती, हाताला फार छान, पण बॅगेत तिरपीसुद्धा बसली नसती. तिसरी चार तुकड्यांची. प्रत्येक सांधा लावून, पिळून, परत काढून पाहिला. डोळ्यापुढं धरून कड्या एका रेषेत येतात का ते पाहिलं. वाकवली तर शेंड्यापासून मुठीपर्यंत एकसारखी कमान. चार तुकडे आहेत असं हाताला कळतच न्हाई. रखमाजी म्हणाला, गुरुजी, ही घ्या, हिच्यात जान आहे.

आता जे खरं लिहायचंय ते लिहितो.

गेल्या रविवारी बंधाऱ्यावर ती काठी चालवून बघत होतो. चौथ्या फेकीला चमचा खाली दगडात अडकला. तो नायलॉनच्या तंगुशीच्या टोकाला बांधायचा, चमच्यासारखा चमकणारा पत्र्याचा तुकडा, त्याला गळ असतो, तो. मी काय केलं? काठी रखमाजीच्या हातात दिली आणि पाण्यात शिरलो. कमरेपर्यंत गेलो. रखमाजी मागून ओरडून राह्यला, गुरुजी, मानेचं भोक, गुरुजी, तंगूस तोडा की! मला ऐकू येत होतं. तरी पाय पुढंच जात होते. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यानं येऊन मागं ओढलं.

काठावर बसलो आणि तृप्ती, मला एकदम कळलं.

धम्मा नऊ वर्षांचा असताना त्यानं अडकलेली तंगूस दातानं तोडली आणि गळ तसाच नदीत सोडून आला. त्याच आठवड्यात रखमाजीच्या म्हशीच्या वगारीच्या जिभेत कुणाचातरी गळ रुतला होता. मी त्याला मारलं. मंग परत नदीवर नेलं आणि पाण्यात उतरवून तो गळ काढायला लावला. रडत काढला त्यानं. गळ पाण्यात सोडून घरी येतो तो माणूस न्हाई, असं मी त्याला म्हणालो. नऊ वर्षांच्या लेकराला.

तू पोलिसांना आणि आम्हाला सांगितलंस, पाय घसरला. मी तुला तळ कसा आहे विचारलं होतं. तू काठीची लांबी सांगितलीस, वजन सांगितलंस, बॅगेचे इंच सांगितलेस. तळाचं काही लिहिलं न्हाई.

त्याचा गळ अडकला होता का? हो किंवा न्हाई, एवढंच लिही.
आबा


बोडो,
दि. १२ एप्रिल २०२५

ती. आबांना,
सविनय जयभीम.

हो.

एवढं लिहून पाठवणार होते. पण आता थांबवत नाही. तुम्ही विचारेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं, आणि तुम्ही विचारलंत.

तळ दगडांचा आहे. काठावरचे दगड ओहोटीला उघडे पडतात आणि त्यांच्यावर समुद्रातलं शेवाळ असतं, तेलासारखं. मी मागं वीस पावलांवर बसून थर्मासमधला चहा ओतत होते. धम्माचा चमचा अडकला. त्यानं इकडून ओढला, तिकडून ओढला. मी म्हणाले, तोड रे, माझ्याकडे अजून सहा आहेत. उठून कात्रीसुद्धा पुढं केली. तो हसला. म्हणाला, ताई, आबा विचारतील ना, चमचा कुठंय म्हणून. आणि खालच्या दगडावर उतरला.

त्यानं तुमची नक्कल केली होती, आबा. तुमच्याच आवाजात म्हणाला. ऑपरेशनाआधीच्या, जुन्या आवाजात.

लाट मोठी नव्हती. कुणी तिला लाट म्हणणारही नाही. पाणी एकदम गुडघ्याएवढं वर आलं आणि परत गेलं, आणि त्याच्याबरोबर तो गेला. गमबूट भरले. मी ओरडत काठापर्यंत गेले. तो माझ्यापासून दोन माणसांच्या अंतरावर होता. माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं होतं, पण हाक मारत नव्हता. नंतर डॉक्टर म्हणाले, इतक्या थंड पाण्यात छाती आवळून जाते, आवाज निघत नाही. मी त्याच्याकडे काठी धरली, पोचली नाही. मी पाण्यात उतरले नाही, आबा. मला पोहता येतं, तुम्हीच शिकवलंत, आणि मी उतरले नाही. फोन केला. बोट चोवीस मिनिटांनी आली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पाय घसरला हे खोटं नव्हतं, अर्धं होतं. आईला सांगू नका. तुम्ही येणार नसाल तर मला समजेल.
तृप्ती


घनसावंगी,
दि. २० मे २०२५

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

महिन्याच्या वर झालं, उत्तर दिलं न्हाई. आईनं चारदा विचारलं, पोरीला पत्र का लिहीत न्हाई. उन्हाळा फार आहे, असं पाटीवर लिहून दाखवलं.

तू पाण्यात उतरली असतीस तर मला आज कुणालाच पत्र लिहिता आलं नसतं. हे वाक्य परत वाच. मी मास्तर म्हणून सांगतोय, पाठ कर.

उरलेलं माझं आहे. त्यात तुझा वाटा न्हाई.

काठी मोडायला घेतली होती. गुडघ्यावर धरली आणि मोडवली न्हाई. व्हिसा आला आहे. सात जुलैला पोचतो.
आबा


घनसावंगी,
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. तृप्तीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं रखमाजीनं कळवलं असेलच. तिथं असताना मी जे पाटीवर लिहू शकलो न्हाई, ते आता लिहितो.

त्या दिवशी आपण किनाऱ्यावर गेलो. तू माझा हात धरून वरच्या कोरड्या दगडावर उभं केलंस आणि तो खालचा दगड बोटानं दाखवलास. मी चारही तुकडे जोडले. पाचव्या की सहाव्या फेकीला अडकलं. मी ओढत राहिलो. किती वेळ झाला मला ठाऊक न्हाई, तू नंतर पाव तास म्हणालीस. मला तोडवेना. मंग तू पुढं आलीस आणि कात्रीनं तंगूस कापलीस.

तेव्हा तू माझ्या तोंडाकडं पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तू बरोबर पाहिलंस. मला राग आला होता. एका क्षणापुरता, पण तोच, धम्माला मारताना आलेला. मुलगा गेला, आवाज गेला, सगळं कळलं, तरी आत ते तसंच बसलेलं आहे. नंतर तू मला पोटाशी धरलंस तेव्हा मी त्या रागाची माफी मागायला पाहिजे होती. पाटी ओली झाली होती, असं समज. आता मागतो. मला माफ कर. त्याच्याकडं मागायची ती इथं रोज मागतो.

काठी तुझ्या कपाटात राहू दिली आहे. कुणाला द्यायची असेल त्याला दे.

आणखी एक. तू नको म्हणाली होतीस, तरी मी आईला सांगितलं. आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, कसा होता हो तो समुद्र. मला चांगला होता असं लिहिता आलं न्हाई. पाटी पुरली न्हाई, शाळेची जुनी वही काढली. ती हळूहळू वाचते, तुला माहीत आहे, बोट फिरवत, ओठ हलवत. मी समोर बसून राह्यलो. वगारीपासून कात्रीपर्यंत सगळं वाचलं. वाचून झाल्यावर वही मिटली आणि विचारलं, पाणी लई थंड होतं का. मी त्या पाण्यात हात घातला होता. मान हलवली. मंग म्हणाली, म्हंजे त्यानं हाक मारलीच न्हाई. मी परत मान हलवली.

त्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं, रोजच्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडी पिशवीत भरली आणि एस.टी.नं केदारखेड्याला भावाकडं गेली. आज अकरा दिवस झाले. रखमाजी दोनदा जाऊन आला. कधी येणार विचारलं तर म्हणाली, येईन तव्हा येईन.

जाताना दारात थांबली होती. तुला एक निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो. म्हणाली, तृप्तीला कळवा, माझा तिच्यावर राग न्हाई, तिनं पाण्यात पाय घातला न्हाई ते बेस केलं, आन् एवढं सगळं एकलीनं पोटात ठेवायला नव्हतं पायजे.

माझ्याबद्दल काही बोलली न्हाई.

तू तिला केदारखेड्याला फोन कर. आणि जमेल तेव्हा मला दोन ओळी लिही. माझ्यावर माया ठेवावीस असं म्हणायचा हक्क उरला आहे का ठाऊक न्हाई, तरी ठेव.
आबा