बाबांच्या फोटोला हार

२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा
आईने आज पुन्हा बाबांच्या फोटोला ओवाळलं. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेल्या माणसाला! दर पाडव्याला हेच. ओवाळणी अर्थात मीच आणते, बाबांच्या नावाने — यंदा सरोजिनी नगरमधून शाल. "ह्यांची निवड बरी आहे," म्हणाली. मीही मान डोलावली. सत्तावन्न वर्षांची घोडी झाले, आणि हे नाटक! बाबा येणार नाहीत हे मला कधीच कळून चुकलंय. पण आईला कोण सांगणार? त्या आशेवर तर ती अजून कुंकू लावते.

९ नोव्हेंबर
दिल्लीच्या मराठी मंडळाची तेजश्री गाझियाबादला आमच्या घरी येऊन गेली. दिल्लीतल्या मराठी फौजी कुटुंबांकडून लढायांचे फोटो, आठवणी जमवतायत — करोल बागेत एका हॉलमध्ये प्रदर्शन. काम चांगलं आहे. पोरगीही गोड, पण दिल्लीत वाढलेली. "बेपत्ता म्हणजे शहीदच ना, मावशी?" आई आत चहा करत होती. दबक्या आवाजात झापलं तिला! बेपत्ताच लिहायचं, आणि फोटोला हार घालायचा नाही. "बिल्कुल नाही, मावशी, प्रॉमिस."
फोटो आईनेच भिंतीवरून काढून दिला. आधी पदराने काच पुसली.

१२ डिसेंबर
झोप नाही. उगाच दिला फोटो.

१४ डिसेंबर
व्हायचं तेच झालं! प्रदर्शनात सगळ्या फोटोंना झेंडूचे हार — बाबांच्याही! घालणारा धीरज म्हणून कुणी कार्यकर्ता. म्हणतो, "आंटी, एकच फोटो हाराशिवाय अच्छा नाही दिसत. अपमान वाटतो." अपमान म्हणे! हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, एवढंही कळू नये? भर हॉलमध्ये ओरडले त्याच्यावर. हार ओढून काढला, तो तुटला, फुलं सगळीकडे. तेजश्री रडायला लागली.
वळून बघते तर मागे आई उभी! खाली बसून फुलं वेचायला लागली. परत येताना मेट्रोत माझा हात घट्ट धरून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

१५ डिसेंबर
आई जेवली नाही. कुंकू आहे अजून. देवा, हिला काही होऊ देऊ नकोस!

१६ डिसेंबर
सकाळी आईचं कपाळ मोकळं. म्हटलं, आई, त्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. तर तिने मलाच जवळ बसवलं.
"हेमा, हे गेल्याचं मला त्र्याहत्तरलाच कळलंय. ह्यांच्या पलटणीतले गुणवंतराव घरी येऊन सांगून गेले. शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं, देह मात्र तिथेच राहिला. ते उठून गेले आणि तू विचारलंस, बाबा दिवाळीला येतील ना? एवढीशी होतीस. माझ्या तोंडून हो निघून गेलं. पुढे तू ओवाळणी आणायला लागलीस, मग कुठल्या तोंडाने सांगणार? परवा हारावरून केवढी ओरडलीस त्या पोरावर! वाटलं, हिला अजून आशा आहे. माझ्या घशाखाली घास उतरेना."
अगं आई! मी तर ओवाळणी तुझ्यासाठी आणत होते!