पेरॉक्साइडवर भुसा

३ मार्च २०२५, सोमवार

उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडलीत. हातमोज्याला बारीक भोक होतं, दिसलं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, पन्नास टक्के. पंधरा मिनिटं नळाखाली धरली. सुया टोचल्यासारखं होतंय. दोन-तीन तासांत जाईल.

आईचा फोन. "तू नेमकं करतीस तरी काय तिथं?" म्हटलं, सोयाबीन तेलाच्या गाळातून लेसिथिन निघतं. काळपट असतं. ते पेरॉक्साइडनं उजळवायचं. चॉकलेटवाले घेतात. आई म्हणाली, "म्हणजे एमएस्सी करून ब्लीचच करायलीस की!"

कारखान्याचे मॅनेजर बिराजदार साहेबांची परत कुरकुर. आमच्या विभागातून धुऊन गेलेल्या पेरॉक्साइडनं सांडपाणी साफ करणारे टाकीतले जंतू मेले. "म्याडम, तुमचं पाणी मारणं जरा आवरा." दिवसातून चौथ्यांदा. थकले होते. आमच्या विभागातले जुने कामगार मल्लिनाथमामा, त्यांना सांगून टाकलं — थोडंफार सांडलं तर पाणी ओतत बसू नका. "हाव म्याडम," म्हणाले. विषय संपला.

६ मार्च, गुरुवार

तीन कॅनची झाकणं कुणीतरी पान्यानं आवळलेली! हवा जायला झाकणात मुद्दाम छिद्र असतं, त्यावरही चिकटपट्टी लावलेली. मामांनीच केलं होतं. "सापावानी सू-सू करायलं व्हतं."

सांगितलं — तो ऑक्सिजन. त्याला वाट नाही दिली तर कॅन फुटेल. काढलेलं उरलं तर परत कॅनमध्ये ओतायचं नाही, लोखंड लागू द्यायचं नाही. मामा हसले. "लई नाजूक हाय की बाई हे! आमच्या जुन्या तेलमिलला तेल कधी असं रुसलं न्हाई. सांडलं की भुसा टाकायचा, भिजला की भट्टीत. सव्वीस वर्षं तेच केलं." तेल वेगळं, म्हटलं, आणि झाकणांकडे वळले.

मागणीपत्र दिलं: वेगळी शेड, वाळूच्या बादल्या, बारदान आणि भुसा इथून हलवणे (पेरॉक्साइड लागलं की पेटतात). साहेब: "बघू."

९ मार्च, रविवार

झोपले.

१२ मार्च, बुधवार

साडेबाराला कॅनचा नळ तुटला. चार-पाच लिटर सांडलं असेल. मी प्रयोगशाळेत होते.

मामांनी दोन टोपल्या भुसा टाकला. झाडून घेतला. बारदानात भरून कोपऱ्यात उभा केला. वीस मिनिटं काहीच नाही. मग पोतं तापलं, धूर आला. बाकीचा माल वाचावा म्हणून मामांनी ते कवेत उचललं — आणि दारातच भडकलं!

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, हनुवटीही. मी धावत येऊन पाइप सोडला, मामांवर आणि पोत्यावर. दोन मिनिटांत विझलं. पाण्यानंच विझतं ते.

पाइप त्यांच्यापासून आठ पावलांवर होता. नंतर मोजली.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

दवाखान्यात गेले. मामांची बायको महानंदाबाई दाराशी बसल्या होत्या. चहा घ्याच म्हणाल्या. घेतला.

मामांचे हात उशीसारखे जाड बांधलेत. मला बघून म्हणाले, "म्याडम, तुमची बोटं बरी झाली का?"

१७ मार्च, सोमवार

चौकशी. साहेबांनी अहवाल आधीच लिहिलेला: कामगाराचा निष्काळजीपणा. कामावरून कमी करावे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती मामांची.

साहेबांनी दवाखान्यात मामांना फोन लावून, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मल्लिनाथ, पाइप होता ना तिथं? पाणी का नाही मारलंस?"

"डोकं चाललं न्हाई साहेब. जुनी खोड."

"कुणी नको म्हणलं होतं का?"

"न्हाई. कुणीच न्हाई."

मी समोर बसलेली. कागदाकडे बघत होते. माझा जबाब एका ओळीचा: 'कामगारास धोक्यांची माहिती वेळोवेळी देण्यात आली होती.' खोटं नाही. सही केली.

१८ मार्च, मंगळवार

या वहीची मागची पानं चाळली. जेवले नाही.

१९ मार्च, बुधवार

जबाब परत मागितला. साहेब म्हणाले, "कशाला उकरता म्याडम? तो स्वतःच्या तोंडानं कबूल करायलाय. आणि त्यात तुमचंच नाव येईल." म्हटलं, तुमचंही येईल.

नवा जबाब लिहिला. त्याला जोडायला ही वही घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. ३ मार्चचं पान उघडून दिलं. दुकानदारानं विचारलं, "दोन्ही बाजू?"

म्हटलं, दोन्ही.