टोलमाफी

सोमवार, २ तारीख
आलो एकदाचा! नोकरी पक्की, टोलनाक्यामागेच दोन खोल्या, नळाला पाणी. खिडकीतून महामार्ग पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ दिसतो. शनिवारी बायको आणि छकुली बसने येतील. केबिनमध्ये बसून दांडा वर करायचं बटण छकुलीला दाबू द्यायचं मी कबूल करून बसलोय. इथले लोक मात्र तुसडे. शेजारच्या लेनवाल्याने नावसुद्धा विचारलं नाही, 'नवा' म्हणून मोकळा झाला.

बुधवार, ४ तारीख
मला कडेची जुनी लेन मिळाली. साहेबांनी एकच सूचना दिली. दुपारी एक राखाडी टेम्पो येतो, त्याला काही विचारायचं नाही, दांडा वर करून सोडून द्यायचा. कारण विचारलं तर म्हणाले, पगार मिळतोय ना, मग तोंड बंद ठेव. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. कोणाचा तरी मेहुणा फुकटात वाळू नेत असणार. असल्यांना मी आजवर पुरून उरलोय.

गुरुवार, ५ तारीख
आज टेम्पो अडवला. मागे मजूर दाटीवाटीने बसलेले, गुडघ्यापर्यंत डांबराने माखलेले. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, आम्ही याच रस्त्याचे कामगार, घरी चाललोय. मी म्हटलं, मग पास दाखवा. पास नव्हता. टोल कोणाला माफ असतो, असं त्याने विचारलं. मी पाटी वाचून दाखवली: रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि नाक्यावरच्या माणसाचं कुटुंब बसलंय ती गाडी. तो हसला आणि तुमच्या घरी कोण कोण असतं, म्हणून चौकशी करू लागला. इथे बोलायला माणूस मिळत नाही, मी सगळं सांगून टाकलं, शनिवारच्या बसचंसुद्धा. मग त्याने टेम्पो मागे घेतला. कुठे गेला ते दिसलं नाही.

शुक्रवार, ६ तारीख
आज टेम्पो आलाच नाही. जेवायला बसलो तर सगळे आपापले डबे उचलून उठून गेले. साहेबांनी तोंडावर दार लावलं. शेवटी झाडूवाली मावशी चिडून बोलली. रस्ता होत असताना भराव खचला आणि मजुरांचा टेम्पो त्यात गेला. उद्घाटन तोंडावर आलेलं, म्हणून कोणी उकरलं नाही, वरून डांबर ओतलं. तेव्हापासून ते घरी निघालेत. पुढच्या कोणत्याच नाक्यावर तो टेम्पो बाहेर पडत नाही. पूर्वी एकाने अडवून ओळखपत्र मागितलं होतं. पुढच्या खेपेला टेम्पोच्या काचेला त्याचंच ओळखपत्र लावलेलं होतं आणि तो मागे मजुरांत बसला होता. जे मागशील ते घेऊन येतात, मावशी म्हणाली, तू काय मागितलंस?
मी फक्त पास मागितला. आणि पाटी वाचून दाखवली.

शनिवार, ७ तारीख
बायकोला फोन लावतोय. येऊ नका म्हणून सांगायचंय. लागत नाही.

लागला. बस वाटेत बंद पडली म्हणे. एक टेम्पोवाला भला माणूस भेटला, तुमच्या ओळखीचा, छकुलीला पुढे मांडीवर घेऊन बसलेय. उतरा म्हणून ओरडलो. ती म्हणाली, अहो, पण दाराला आतून कडीच —

दुपार. बाकीच्या लेन रिकाम्या. सगळे पळाले. साहेब लांबूनच ओरडतायत, दांडा वर कर —

आला. काचेमागे बायको. माझ्याकडे बघतेय, ओळख नाही. दांडा वर केला तर त्या कायमच्या — नाही करणार. बटण डाव्या हाताने झाकून धरलंय. दाबू देणार नाही कोणाला —

ड्रायव्हर पाटीकडे बोट दाखवतोय. आता माफ ना, विचारतोय. छकुलीला उतरवून त्याने उचलून घेतलंय — खिडकीशी आणतोय —

तिचा हात आत. कोपरापर्यंत काळा. मी नको म्हणतोय — हसतेय — बाबा, तू कबूल केलं होतंस —

तिची बोटं माझ्या हाताखाली शिरतायत. किती गरम —