डोळे शेवटी

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. खोताच्या वाडीत, लाकडी जिना चढून वरची खोली. उत्तरेच्या बाजूला भिंत कमी आणि खिडकी जास्त. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही, म्हणून चित्रकार त्यावर जीव टाकतात. माझाही स्वभाव तसाच असल्यामुळे आमचं जमेल असं वाटतं.

पाव शतक शाळेत संस्कृत शिकवलं. मी विभक्त्या म्हणून घेत असताना मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी खडू फेकून मारायचो. आता मी दिवसभर खिडकीबाहेर बघणार आणि खडू फेकणारा कोणी नाही. मुदतीआधी निवृत्ती घेण्याचं याहून चांगलं समर्थन मला सुचत नाही.

सामान नूपुरनं चढवलं. माझी एकुलती एक मुलगी. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. वडाळ्याला भाड्यानं राहते आणि परळच्या एका ऑफिसात फिल्मांचं एडिटिंग करते, म्हणजे डोळे फोडून पडद्याकडे बघणं हाच तिचा धंदा, आणि तो तिला मनापासून आवडतो. जाताना म्हणाली की लोकांचे बाबा या वयात गुडघे बदलतात, तू ईझल घेतलास, स्वस्तात सुटले मी.

घरमालकीण विनिफ्रेड आंटी खाली राहतात. सत्तरी उलटली, पण आवाज अजून परेडवरचा. भिंतीला खिळे मारायचे नाहीत, रविवारी त्या चर्चहून परत येईपर्यंत ठोकठोक करायची नाही, आणि त्यांच्या थोरल्या भावाची, एरिकची, चित्रं हलवायची नाहीत. एरिक याच खोलीत रंगवायचा, इथेच गेला. चित्रं उत्तम आहेत, फक्त एकूण एक पाठमोरी. वरळी कोळीवाड्यातल्या कोळणी पाठमोऱ्या, पाद्री पाठमोरा, लग्नातले नवरा-नवरी तेही पाठमोरे. एरिकसाहेबांना माणसं नेहमी भांडून निघून जातानाच भेटत असावीत.

९ नोव्हेंबर

दिनक्रम बसला. सकाळी चहा, मग आदल्या दिवशी धुवायचे राहिलेले ब्रश, मग दुपारपर्यंत काम. जेवण. त्यानंतर वामकुक्षी, जिच्यावर माझी बहुतेक देवांपेक्षा जास्त श्रद्धा आहे. उठून पुन्हा उजेड असेपर्यंत काम. प्रेरणा कधी येते, असं लोक फार विचारतात. प्रेरणा गॅसच्या सिलिंडरसारखी असते. आपण बाहेर गेलो की नेमकी येऊन परत जाते, म्हणून घरी बसून राहायचं.

पहिलं चित्र आंटींचंच घेतलं आहे. निळा फ्रॉक, कानात मोती, मांडीवर हात. त्यांची अट एकच: मास्तर, हनुवटी एकच काढा, खालची दुसरी देवाने चुकून दिली.

डोळे शेवटी. लालबागच्या कारखान्यांतसुद्धा गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. जुने शिल्पग्रंथ याला नेत्रोन्मीलन म्हणतात. उघडल्याबरोबर पडणारी पहिली नजर सोसत नाही, म्हणून मूर्तीसमोर आरसा धरतात. मी हा नियम पाळतो तो शास्त्राखातर नव्हे. मला डोळे जमतच नाहीत. काळा घोडा भागात गॅलरी चालवणाऱ्या सुरुचीबाईंनी मागे माझं काम बघून सांगितलं होतं, चेहरे सुंदर आहेत सर, पण डोळे बर्फावरच्या पापलेटाचे. ते पापलेट मला अजून पचलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

एक गंमत झाली. आंटींच्या चित्रात डोळ्यांच्या दोन पांढऱ्या जागा सोडून दुपारी आडवा झालो. उठलो तर डोळे पूर्ण. आणि काय डोळे! थोडे चेष्टेखोर, थोडे रडून वाळलेले, उजव्या पापणीखाली ती त्यांची बारीक सुरकुती. ब्रश ओला, माझ्या बोटांना काळा रंग. क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता अध्याहृत. अर्धवट झोपेत मीच उठून केले असणार. दुसरं कोण करणार?

सही ठोकली. आंटी चित्र बघून म्हणाल्या की आरशातसुद्धा मी इतकी कधी भेटले नाही. सुरुचीबाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, जानेवारीच्या प्रदर्शनात भिंत देते, अजून काही चेहरे करा. पापलेटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

२६ नोव्हेंबर

दुसरं चित्र समोरच्या घरातल्या श्यामकांत विजयकरांचं. सॉलिसिटरच्या पेढीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात आणि चुका आढळल्या की संपादकाला, तो हजर नसताना, झापतात. बसायला आले ते कोळंबीचं भानोलं घेऊन. असं मॉडेल सर्वांना मिळो.

विनिफ्रेड आंटींनी आज चहात मीठ घातलं. मोतीबिंदू असेल म्हणाल्या. दारावरून जाणाऱ्या मला त्यांनी दोनदा हाक मारून विचारलं, कोण ते.

३ डिसेंबर

श्यामकांतांचे डोळे मी सकाळी जागेपणी काढून पाहिले. पापलेट. पुसून टाकले, पांढऱ्या जागा तशाच ठेवल्या, मुद्दाम जास्त भात खाल्ला आणि मुद्दाम झोपलो. उठलो तेव्हा श्यामकांत माझ्याकडे बघत होते, माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक सापडल्यासारखे.

तर प्रेरणा म्हणतात ती ही. झोपेत येते आणि श्रेय घ्यायला थांबत नाही. मी थांबतो.

८ डिसेंबर

नूपुरचं चित्र सुरू केलं, तिला सुट्टी होती. स्वस्थ बसत नाही. मध्येच उठून येऊन विचारते की बाबा, नाक माझं आहे की आत्याचं? तिच्या आईचं कपाळ तिला आलं आहे हे मला आज, काढताना, दिसलं. संध्याकाळपर्यंत चेहरा झाला. डोळे राहिले आहेत.

आंटींना आता हात धरून चर्चला न्यावं लागतं. डॉक्टरांनी तपासलं, मोतीबिंदू नाही, डोळ्यांत काहीच दोष नाही. दोष नाही तर दिसत का नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही.

११ डिसेंबर

श्यामकांत सकाळी आले. वर्तमानपत्रवाल्यांनी शाई कमी केली आहे, मी तक्रार करणार, तुम्ही जरा हे वाचून दाखवा, म्हणाले. शाई व्यवस्थित होती. मी वाचून दाखवलं. आधी आंटी, आता हे. दोघांचेही डोळे या खोलीत, माझ्या झोपेत झाले.

खाली जाऊन आंटींना सरळ विचारलं. त्यांनी मला खाली बसवलं. मग बोलल्या. एरिकने तरुणपणी या खोलीत त्यांच्या आईचं, ॲलिसनचं, चित्र केलं होतं. दुपारी झोपून उठला तर डोळे तयार. महिन्याभरात आई आंधळी. नजर परत यावी म्हणून एरिकने चित्र फाडलं. नजर आली नाही, वेदना आल्या. मरेपर्यंत ती डोळ्यांवर ओलं फडकं बांधून बसायची आणि वाडीभर ऐकू जाईल असं ओरडायची. त्यानंतर एरिकने कुणाचा चेहरा काढला नाही.

मला आधी का नाही सांगितलंत, असं मी ओरडलोच. त्या म्हणाल्या, मला वाटलं ते एरिकबरोबर गेलं. आणि मास्तर, मला आयुष्यात कोणी काढलंच नव्हतं हो. एकदा वाटलं.

१२ डिसेंबर

नूपुरचं चित्र फाडता येत नाही. पूर्ण करता येत नाही. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या आहेत, तशाच राहिल्या पाहिजेत. इतकंच काम. मी झोपायचं नाही, आणि झोपायचं तर या खोलीत नाही.

खोलीला कुलूप लावून वडाळ्याला नूपुरकडे आलो आहे. तिला वाटलं, मला एकटं वाटतंय. पिठलं केलं तिनं माझ्यासाठी.

१३ डिसेंबर

दुपारी तिच्या सोफ्यावर डोळा लागला. जाग आली ती इथे. वाडीत, ईझलसमोर, हातात ब्रश. पायांत चपला नाहीत, तळपाय सोललेले. वडाळ्याहून मी चालत आलो आहे.

ब्रश कॅनव्हासला लागला नव्हता. अजून.

१४ डिसेंबर

रंग, ब्रश, सगळं नेऊन टाकलं. दुपारी उठलो तर बोटांना काजळी. खाली आंटींच्या येशूसमोरच्या मेणबत्तीची. डाव्या डोळ्याची कड उमटली आहे. पुसली. पुसताना हात इतका हलका ठेवला की —

तिचा फोन आला. मी उचलायला घाबरलो. तिला फक्त विचारायचं होतं की न सांगता का गेलास.

१६ डिसेंबर

एरिकसारखं केलं. उरलेला रंग शोधून तिचा चेहरा केसांनी झाकला. पाठमोरी नूपुर. वेणी चांगली आली.

१७ डिसेंबर

झोपलो नव्हतो. मिनिटभर बसलो होतो.

वेणीच्या बाजूला कान दिसतो आहे. गालाची कड. वळते आहे.

१८ डिसेंबर

समोर तोंड.

लालबागच्या हाडवैद्याकडे जाऊन उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून घेतला. तो म्हणाला, मोडलेला नाही. मी म्हटलं, म्हणूनच. हे डाव्या हातानं लिहितो आहे, अक्षर पहिलीतल्या पोराचं.

१९ डिसेंबर

डावा हात. मी डावा हात विसरलो —

एक डोळा. तिचा डावा. सुंदर आहे. देवा, सुंदर आहे.

२१ डिसेंबर

तिचा फोन. पडद्याची एक बाजू काळी दिसते, मॉनिटर बदलून पाहिला, तरी तेच. हसून सांगत होती.

मी सगळं सांगितलं. ती हसली. मग हसायची थांबली. मग म्हणाली, बाबा, तू रडू नकोस, मी येते.

नको म्हणालो. ती आलीच आहे.

२२ डिसेंबर

ती मला जागं ठेवते. चिमटे काढते, शाळेतल्यासारखी विभक्त्या म्हणून घेते, चुकलो की टपली मारते. षष्ठीला डोळे मिटतात.

हे किती दिवस चालेल, ते दोघांनाही कळतं.

२३ डिसेंबर

एक मार्ग आहे. चित्रकाराला दिसलं नाही तर तो रंगवणार काय?

नूपुर औषध आणायला गेली तेवढ्यात आरसा लावला. डाव्या हातानं स्वतःचा चेहरा. वाकडा आहे, ओळखू येतो, पुरे. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या. नूपुरचं चित्र कपाटात, कुलूप, किल्ली आंटींच्या गळ्यात. ईझलवर फक्त मी.

आता झोपतो. मुद्दाम.

२४ डिसेंबर

झाले. दोन्ही. माझ्याकडे बघतात ते मला आवडलं नाही, पण झाले.

वाडीत ताऱ्यांचे कंदील लागले आहेत. नूपुरला सांगितलं नव्हतं. आता कळलं. माझ्याशी बोलत नाही, हात मात्र सोडत नाही.

२७ डिसेंबर

कंदिलांभोवती धुकं. नूपुरला आज पडद्यावरचं बरं दिसतं, म्हणजे वाढलेलं नाही. एक डोळा पुरतो, म्हणते. एडिटिंग येईल करता.

मोठ्या अक्षरात लिहितो.

३० डिसेंबर

गेलं.

पट्टी धरून लिहितो आहे, ओळीवर ओळ चढली असेल. भीती नाही वाटत. उलट. आंटी जिना चाचपडत वर आल्या, आम्ही दोघं एकमेकांना आदळलो आणि हसलो. नूपुरही हसली. तिला दिसतंय. ती सांगत होती, आंटींच्या फ्रॉकवर रस्सा सांडलाय, तुझ्या दाढीला रंग आहे. तिनं सांगत राहावं.

रंगवणारा संपला. नूपुर वाचली.

३१ डिसेंबर

खाली आंटींच्या व्हरांड्यात बसलो आहोत. ऊन छान. तिनं माझा हात धरला आहे, म्हणते, आता झोप बाबा, किती दिवस झाले, मी आहे ना. किल्ली आंटींच्या गळ्यात आहे, मी स्वतः चाचपून —

झोपतो थोडा.

उठलो. ऊन आहे अजून. पायांवर चांगलं तापतंय.

आंटी विचारतात, मास्तर, माझी किल्लीची साखळी कुणी काढली.

हातात नूपुरचं बोट आहे. सडपातळ — नाही. लाकडी आहे हे. टोकाला ओलं.

नूपुर इथेच आहे. शेजारी. तिलाही डोळा लागला होता, आत्ता उठली आहे. विचारते, बाबा, ऊन एवढ्यात कुठे गेलं

माझ्या पायांवर आहे ते, नूपुर, इथे आहे, हात लाव, हे बघ, हे ब