ओव्हरमॉरोला दहा वाजता

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

...आणि नेमकं तेच आईला कळत नाही. तिचं आपलं एकच: रद्दीच्या दुकानातून दीड किलोचं पुस्तक आणलंस, तेही पुढची-मागची पानं फाटलेलं. जुन्या इंग्रजी शब्दांची डिक्शनरी आहे ती! डीपासून एसपर्यंत शाबूत. ए, बी, सी माझं शाळेत झालंय.

संकल्प: रोज एक शब्द. दिवसातून तीनदा वापरायचा. मग तो आपला.

आजचा शब्द: ग्रोक. दुसरा खात असताना आशेने त्याच्या तोंडाकडे बघत बसणे.

संध्याकाळी ७

एकदाच वापरला गेला. आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये अवजारं धुणाऱ्या मावशी आहेत, बावीस वर्षं तिथेच. जेवताना माझ्या डब्याकडे टक लावून बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, मावशी, तुम्ही ग्रोक करताय. म्हणाल्या, मी झाकण बघतेय. ते माझ्या डब्याचं आहे.

५ मार्च, बुधवार

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. माझी ट्रायल ३१ला संपते, रिसेप्शनवर कायम करायचं की नाही ते त्या दिवशी सांगणार. फोन उचलायचे आणि पेशंटना मेसेज पाठवायचे, एवढंच काम आहे, ते नीट कर, म्हणाल्या. ‘एवढंच’ टोचलं. बारा वर्षं इंग्लिश मीडियममध्ये काढलीत मी.

घरी सांगितलं नाही. आईने शेजारीपाजारी ‘कायम झाला’ म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

संकल्प: मेसेजेसना दर्जा आणायचा.

आजचा शब्द: फजेल. काम करतोय असं दाखवत काहीच न करणे. ह्याच्या अभ्यासात अडीच तास गेले. मधे फोन फार वाजत होता. शेवटी मावशींनी उचलला.

७ मार्च, शुक्रवार

सापडला!! ओव्हरमॉरो. म्हणजे परवा. येणारा परवा. शाळेत मिसने ठासून सांगितलं होतं की इंग्रजीत ‘परवा’ला एक शब्दच नाही. आहे. लोकांनी वापरणं सोडलं, बस. आता ही जबाबदारी माझ्यावर आली म्हणायची.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ४

शनिवारी कवळीचे मोठे डॉक्टर येणार. महिन्यातून दोनदाच येतात. आमच्याकडे पद्धत अशी की दोन दिवस आधी मेसेज जातो: नाव, वार, तारीख, वेळ. किती रुक्ष! मी लिहिलं: ‘युवर प्रेझेन्स इज अवेटेड ओव्हरमॉरो अ‍ॅट टेन.’ वार, तारीख काढून टाकली. एकदा ओव्हरमॉरो म्हटल्यावर पुन्हा तारीख देणं म्हणजे वाचणाऱ्याचा अपमान.

अकरा जणांना गेला. त्यात कवळी करून घेणारे एक आजोबाही आहेत. त्यांची नात चार वर्षांनी परदेशातून सोमवारी येतेय. तिच्यासमोर दात घालून उभं राहायचंय म्हणून महिनाभर मागे लागलेत.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळपासून फोन. एक बाई म्हणाल्या, हे ओव्हरमॉरो डॉक्टर नवीन का? मला नवीन माणूस नको, अपॉइंटमेंट कॅन्सल करा. केली. बाकीच्यांना अर्थ सांगितला नाही. आयतं सांगितलं की शब्द डोक्यात टिकत नाही. शोधा, म्हटलं.

मावशींनी विचारलं, काय लिहिलंयस बाबा एवढं? समजावलं. म्हणाल्या, मग परवा लिही ना. नाहीतर शनिवार लिही. लोकांचे दात दुखतायत, परीक्षा कसली घेतोस?

आजचा शब्द: मम्प्सिमस. चूक दाखवून दिली तरी तिलाच चिकटून बसणारा माणूस. मावशींना तंतोतंत लागू.

१५ मार्च, शनिवार

कोणी आलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी पेपर वाचला. मग उलटा धरून वाचला. डॉक्टरबाई दोनदा बाहेर येऊन रिकाम्या खुर्च्या मोजून गेल्या. खूश असाव्यात.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२

क्लिनिक बंद. वॉचमनचा फोन: शटरसमोर चार जण बसलेत, काय करू? चौकशी केली. चौघांनी शुक्रवारी मेसेज वाचला, अर्थ शोधून काढला आणि शुक्रवारपासून परवा मोजला. म्हणजे चार जणांना शब्द आला! अकरात चार. पहिल्याच आठवड्यात.

आजोबाही त्यातच होते. तासभर पायरीवर बसून गेले म्हणे.

१८ मार्च, मंगळवार

आजोबा आले. कवळी आता २९लाच होणार. रागावले नाहीत. उलट फोनवरचे फोटो दाखवले, नातीला आणायला गेले होते तेव्हाचे. सगळ्या फोटोंत तोंडावर रुमाल. म्हणाले, पोरा, तुझा तो शब्द नातीलाही विचारला. तिलाही येत नाही.

ती तिकडेच वाढलेली. तिलाही येत नाही. म्हणजे मी कुठे जाऊन पोचलोय!

रुमाल निळा होता. कशाला लक्षात राहिलाय कोण जाणे.

आज शब्द नाही.

२७ मार्च, गुरुवार

बाईंनी मेसेजचं काम मावशींना दिलं. मला मोठ्या कामासाठी मोकळं करत असाव्यात. मावशी मेसेज टाकतच नाहीत, सरळ फोन लावतात. आजोबा, परवा शनिवार, दहा वाजता. तुम्ही फक्त तोंड घेऊन या, दात आम्ही देतो.

अकरा फोन, सात मिनिटं. शब्दसंपत्ती शून्य.

२९ मार्च, शनिवार

अकराच्या अकरा जण पावणेदहालाच हजर. कॅन्सलवाल्या बाईसुद्धा. आजोबांची कवळी बसली. नात कालच परत गेली. तरी खुर्चीतूनच तिला व्हिडिओ कॉल लावला आणि नुसते हसत बसले. मावशी दारात हात पुसत उभ्या होत्या, बराच वेळ. मीही होतो. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा उचलला.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०

बाईंनी पाकीट दिलं. घरी आई दारातच उभी होती. विचारलं, मिळालं का कायमचं पत्र? म्हटलं, पत्र मिळालं.

आत दोन ओळी आहेत. एकही जुना शब्द नाही, त्यामुळे अर्थ लावायला वेळ लागतोय. टुमॉरोपासून येऊ नये, असं आहे.

पण टुमॉरोच लिहिलंय. ओव्हरमॉरोबद्दल एक अक्षर नाही. शिवाय मावशींच्या डब्याचं झाकण अजून माझ्याकडेच आहे, ते द्यायला कधीतरी जावंच लागेल. मग परवा जायला हरकत नसावी. तुम्हाला काय वाटतं?